तुझा तो घाबरट राजपुत्र

अण्णा,

तू गेल्यापासून घरात जो येतो तो अप्पांच्या खांद्यावर हात ठेवून एकच सांगतो, तुमचा मुलगा वाघ होता. काल चिकपेटेतले आपले जुने शेजारी आले, तेही हेच म्हणाले. समोरच्या फ्लॅटमधून आलेल्या थर्मासातली कॉफी मी कपात ओतत होते. मला वाटलं, कप खाली ठेवावेत आणि सांगावं की माझा भाऊ वाघबीघ काही नव्हता. त्याला मांजराचीसुद्धा भीती वाटायची. गच्चीच्या जिन्यात मांजर बसलेलं दिसलं की तो धाकट्या बहिणीला पुढे घालायचा आणि तिनं ते हाकलल्यावरच वर यायचा. अप्पा मात्र प्रत्येकाला मान हलवून हो म्हणतात. त्यांना हे ऐकायला आवडतंय की ते ऐकतच नाहीयेत, मला कळत नाही. तू असतास तर तुला कळलं असतं.

कसं झालं, असं सगळे विचारतात, आणि मी सांगते. सांगून सांगून आता ते दुसऱ्याच कुणाचं वाटायला लागलंय. तू ऑफिसला निघाला होतास. के. आर. पुरमच्या मेट्रो स्टेशनच्या जिन्यावर तुला घाम फुटला, तू पाठीवरची बॅग काढून पायरीवर बसलास आणि शेजारून जाणाऱ्या एका मुलीकडे पाणी मागितलंस. तिनंच तुझ्या फोनवरून मेघनावहिनीला लावलं. मला वहिनीचा फोन आला तेव्हा मी बँकेत काउंटरवर होते. रिक्षा टिन फॅक्टरीच्या गर्दीत अडकली. मी मागे बसून मोठमोठ्यानं रडत होते आणि रिक्षावाला आरशात बघत, "अळबेडी अक्का," रडू नका अक्का, असं पुन्हापुन्हा म्हणत होता. मी दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टर वहिनीशी बोलून बाहेर निघाले होते. वहिनी भिंतीला टेकून उभी होती. "हार्ट होतं. मॅसिव्ह होतं म्हणाले," एवढंच तिनं सांगितलं. मग म्हणाली, "अप्पांना कोण सांगणार?"

मी सांगितलं. तुझ्या घरी आले, त्यांच्या समोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "अप्पा, अण्णा स्टेशनवर कोसळला." पुढचं मला उच्चारता येईना. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "पडला? हात मोडला का?"

अण्णा, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या माणसाच्या डोक्यात तू त्या क्षणी आठ वर्षांचा होतास.

तुला तो घोडा आठवत असणारच. शिवाजीनगरच्या बस स्टँडच्या मागे जटकेवाले उभे असायचे, त्यातल्या एकाचा तो म्हातारा तांबडा घोडा. दिवसभर गाडी ओढून पाठ खचलेली. दर रविवारी सकाळी अप्पा आपल्या दोघांना बसनं तिथं घेऊन जायचे, कारण राजाला घोड्यावर बसता आलं पाहिजे. मी फक्त डबा सांभाळायला. जटकेवाला गाडी सोडून घोडा मोकळा करायचा आणि अप्पा तुला उचलून वर बसवायचे. त्या दिवशी तुझे पाय थरथरत होते, ते मला खालून दिसत होतं. जटकेवाल्यालाही दिसलं. "साब, बच्चा डर रा," तो म्हणाला, "आज नक्को." अप्पा म्हणाले, "याच बेंगळुरात महाराज घोड्यावर बसायला शिकले. त्यांना कुणी नको म्हटलं होतं का?" त्या बिचाऱ्याला यातलं काय कळणार! अप्पांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, लगाम हातात घेतला आणि घोड्याबरोबर पळायला लागले. दुसऱ्या फेरीत तू घसरलास. कोपर मोडलं त्याचा आवाज मी ऐकला. अप्पांनी तुला पाठीवर घेतलं आणि जवळच्या सरकारी दवाखान्याकडे धावत सुटले, मी डबा घेऊन मागे. धावताना ते एकच वाक्य म्हणत होते, "रडायचं नाही राजे. राजे रडत नाहीत." आणि तू रडला नाहीस. आठ वर्षांचं मूल, कोपर मोडलेलं, आणि त्याच्या तोंडातून आवाज नाही. मला आजही त्या शांततेची भीती वाटते.

आपलं सगळं लहानपण अप्पांच्या एका समजुतीवर उभं होतं. महाराजांच्या वडिलांची जहागीर या गावात होती, आणि महाराज लहान असताना काही काळ इथं राहिले, एवढं सगळ्यांनाच माहीत आहे. अप्पांचं त्याच्या पुढचं होतं. आपले पूर्वज त्या जहागिरीबरोबर इथं आले, त्यांच्या पागेत होते, त्यांनी त्या मुलाला मोठं होताना बघितलं. मग आपल्या घरातला मुलगा तसाच वाढला पाहिजे. सरकारी कचेरीतला एक कारकून, कापडाच्या गोदामावर दोन खोल्यांचं घर, नळाला दिवसाआड पाणी. आणि त्या घरात रोज उजाडायच्या आत हाक यायची, "उठा राजे." थंड पाण्याची आंघोळ, सूर्यनमस्कार, संस्कृतचे श्लोक. मग कॉटनपेटेत एका म्हाताऱ्या उस्तादांकडे काठी फिरवायला. तुझं नाव राजेंद्र ठेवलं तेही त्यासाठीच. शाळेत पोरांना हे कळल्यावर ती तुला गाठून विचारायची, "ए राजा, निन्न कुदुरे एल्लो?" तुझा घोडा कुठंय रे? तू मान खाली घालून हसायचास. मी त्यांच्यातल्या दोघांना दगड मारले होते.

मला कुणी उठवायचं नाही. मुलीला राजा करायचं नसतं. मी उन्हं आल्यावर उठायचे, वेणी न घालता गल्लीत लगोरी खेळायचे, आणि वर बघितलं की तू खिडकीत पुस्तक धरून उभा. तुझे डोळे लगोरीवर असायचे. मी जिंकले की तू वरून हळूच बोट उंचवायचास. दुपारी अप्पा कचेरीत असताना तू मला सायकल शिकवलीस, गोदामाच्या हमालाची ती उंच सायकल. मागून सीट धरून धावायचास आणि म्हणायचास, "पडलीस तर रड हं पुट्टी. मोठ्यानं रड. मी आहे." पुट्टी, म्हणजे छोटी, असं मला फक्त तूच म्हणायचास. मी मुद्दाम पडायचे, अण्णा. तू जवळ घ्यायचास म्हणून.

आणि तो रविवारचा दरबार. आईच्या बाबतीतला तो एक निवाडा आपण दोघांनी कधी तोंडावर आणला नाही, म्हणून आता लिहिते.

रविवारी जेवणं झाल्यावर अप्पा तुला खाटेवर मांडी घालून बसवायचे आणि एखादं भांडण तुझ्यापुढे ठेवायचे. बहुतेक ते शेजारच्या पोरांचं असायचं, पतंग कुणाचा, गोट्या कुणी चोरल्या. तू दोन्हीकडचं ऐकून सांगायचास आणि अप्पा अभिमानानं मान डोलवायचे. त्या वर्षी बेळगावला आईचे वडील आजारी पडले. मामांचं पत्र आलं, भेटून जा. आईला लगेच निघायचं होतं. पुढच्या आठवड्यात मंडळाच्या कार्यक्रमात तुझी काठी होती. अप्पांचं म्हणणं पडलं की त्या आधी घर सोडून जायचं नाही, मुलाचं खाणंपिणं सांभाळायला हवं. दोन दिवस दोघं बोलत नव्हती. रविवारी अप्पा म्हणाले, "आपण भांडायचं कशाला? राजांनीच निवाडा करावा."

तू दहा वर्षांचा होतास. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. भांडी घासता घासता आली होती, हात ओले होते, ते तिनं पदराला पुसलेसुद्धा नव्हते. ती नुसती तुझ्याकडे बघत राहिली. तू तिच्याकडे बघितलं नाहीस. अप्पांकडे बघितलंस. मग छापील धडा वाचावा तसा म्हणालास, "आईनं कार्यक्रम झाल्यावर जावं."

"शाबास," अप्पा म्हणाले. "निवाडा देताना राजे आई बघत नाहीत."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी खाली गोदामातल्या फोनवर निरोप आला. आजोबा गेले होते. आई रात्रीच्या गाडीनं गेली ती मातीलाच. दहावा-तेरावा करून परत आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, नेहमीसारखी, तुला पुढ्यात बसवून डोक्याला तेल लावलं. मी अंथरुणातून बघत होते. ती तुझ्या डोक्यावर तेल थापत होती आणि तू डोळे गच्च मिटून बसला होतास, जणू आता मार बसणार आहे. तिनं कधीच काही म्हटलं नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, हो ना? मला वाटतं, तू आयुष्यभर त्या ओरडण्याची वाट बघत राहिलास. ती गेली तेव्हा, दवाखान्यात, तू तिचे पाय चेपत बसला होतास आणि तुझे ओठ हलत होते. तू तिला काय म्हणालास ते मी विचारायला हवं होतं. आता कुणाला विचारू?

तू राजा झाला नाहीस. सैन्यात अधिकारी व्हायच्या निवडीला गेलास आणि चौथ्या दिवशी बॅग घेऊन परत आलास. अप्पा दारातच उभे होते. त्यांना बघूनच कळलं. "ये राजेंद्र," ते म्हणाले आणि आत वळले. त्यानंतर त्यांनी तुला 'राजे' म्हणून पुन्हा हाक मारली नाही. मी तर मनातल्या मनात नाचले होते. सुटला माझा भाऊ, म्हटलं. संध्याकाळी गच्चीवर तुला तसं म्हणालेही. तू कठड्याला टेकून उभा होतास. "हो, सुटलो," म्हणालास. आणि मग, "पण आता सकाळी मला कोण उठवणार?"

मला तेव्हा तुझा राग आला होता. खरं सांगायचं तर तो राग अजून आहे.

याच रागावरून आपलं भांडण चालू राहिलं. तू कम्प्युटरच्या कंपनीत लागलास, दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं काम करायला लागलास, पुण्याहून आलेल्या मेघनाशी लग्न केलंस, इरा झाली, के. आर. पुरमला फ्लॅट घेतलास. आई गेल्यावर अप्पांना कुणी न सांगता आपल्याकडे आणलंस. आणि दर महिन्याला एकदा आपण चिकपेटेतल्या जुन्या हॉटेलात दोसा खायला भेटलो की मी तेच सुरू करायचे. त्या माणसानं तुझं लहानपण खाल्लं. त्यानं तुझ्या तोंडून आईला अडवलं. तू त्याला गोळ्या देतोस, नखं कापतोस, का?

तू दोसा मोडत ऐकून घ्यायचास. गेल्या महिन्यात मात्र तू उलट बोललास. म्हणालास, "पुट्टी, थंड पाण्यानं आधी कोण आंघोळ करायचं, आठवतंय?"

"कोण?"

"तेच. मला उठवायच्या आधी ते उठलेले असायचे. सूर्यनमस्कार माझ्याबरोबर घालायचे. घोडा पळाला तेव्हा ते पळाले. मग कचेरीत जाऊन दिवसभर साहेबाची बोलणी खायचे. इतका वेळ कुठला बाप देतो? मी इराला देतो का?"

"तुला पाठीवर घेऊन पळताना ते काय म्हणत होते ते मी ऐकलंय," मी म्हटलं.

"तू मागून पळत होतीस. मी पाठीवर होतो. त्यांची मान ओली होती."

"घामानं."

"असेल." तू हसलास. "तुला घाम वाटतो. मला नाही वाटत."

मी चिडले. आजूबाजूचे लोक बघायला लागले इतक्या मोठ्यानं म्हणाले, "तुला निदान तेवढं तरी मिळालं. मला त्यांनी वाईटसुद्धा काही दिलं नाही. मी त्या घरात होते हे तरी त्यांना माहीत होतं का?"

तू हात पुसलेस.   मला फक्त एवढंच हवं होतं की एकदा तरी तू म्हणावंस, हो पुट्टी, त्यांनी चूक केली. तू म्हणालास, "साकु. पुढच्या वेळी बोलू." साकु म्हणजे पुरे. हा तुझा कायमचा शब्द. आपण उठलो, तू मला रिक्षात बसवून दिलंस. पुढची वेळ येणार नव्हती हे दोघांनाही कुठं माहीत होतं?

त्याच सुमाराला इराच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या. मला त्या वहिनीकडून कळल्या. "अगं, राजेन तिला रोज जेवताना एक स्टोरी सांगतो. महाराजांच्या लहानपणीची. बट इट्स सो फनी," ती म्हणाली. मला आश्चर्य वाटलं. तू आणि महाराजांच्या गोष्टी? म्हणून एका संध्याकाळी मुद्दाम आले आणि ऐकत बसले.

इरा भाताचे घास गालात धरून बसली होती. तू सांगत होतास. फार पूर्वी आपल्या बेंगळुरात एक राजपुत्र राहायचा. पुढं तो खूप मोठा राजा झाला, पण तेव्हा तो तुझ्याएवढा होता. तो उन्हं येईपर्यंत झोपायचा. त्याला घोड्याची भीती वाटायची. घोडेवाले काका म्हणाले, "आज नको, उद्या बसू." मग तो घोड्याला लांबूनच गवत द्यायचा, आणि असं करत करत एक दिवस घोडाच त्याच्याजवळ आला. तो पडला की रडायचा. गल्लीतल्या पोरांबरोबर लगोरी खेळायचा आणि नेहमी हरायचा, कारण त्याची बहीण फार छान खेळायची.

 आणि मग तू पुढचं सांगितलंस. एक दिवस राजपुत्राच्या आईला तिच्या बाबांकडे जायचं होतं. ते आजारी होते. राजवाड्यातले सगळे म्हणाले, नको, राजपुत्राला कोण बघणार? राजपुत्राला विचारलं. राजपुत्र उठला, आईजवळ गेला, तिचे ओले हात आपल्या सदऱ्याला पुसले आणि म्हणाला, "तू जा आई. मी राहतो. मी भात खाईन."

"आणि ती गेली?" इरानं विचारलं.

"गेली ना. तिचे बाबा तिला बघून इतके हसले, इतके हसले."

अप्पा दारात उभे होते. पाण्याचा तांब्या हातात. कधीपासून ते मला माहीत नाही.

"मुलीला खोटं शिकवू नकोस," ते म्हणाले. "महाराज असे नव्हते."

तू वळलास. मी तुझा चेहरा बघत होते. मला वाटलं, तू नेहमीसारखं सरी अप्पा, बरं अप्पा, म्हणशील आणि विषय मिटवशील. तू म्हणालास, "अप्पा, इथं ते लहानपणी काय करायचे ते कुणीच लिहून ठेवलेलं नाही. मग तुमचं खरं आणि माझं खोटं कसं?"

"तुला मी वाढवलं ते खोट्यावर?"

"ते मला माहीत नाही. पण ही गोष्ट माझी आहे. ही मला सांगू द्या."

तू आवाज चढवला नव्हतास. तरी अप्पांच्या हातातल्या तांब्यातलं पाणी हिंदकळून फरशीवर सांडलं. "माझ्यामुळे तू उभा आहेस," ते म्हणाले. तू म्हणालास, "हो." एवढंच. ते आत गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपलं ताट खोलीत मागून घेतलं. तू ताट घेऊन जायचास, ते खाली मान घालून जेवायचे, तू रिकामं ताट घेऊन यायचास. एकमेकांशी शब्द नाही. गोष्टी मात्र तू थांबवल्या नाहीस.

मी फोन केला होता. मला आनंद झाला होता, अण्णा, तो माझ्या आवाजात तुला ऐकू आलाच असणार. "शेवटी बोललास," मी म्हटलं. तू दमलेला वाटलास. "बोललो खरं. पण ते जेवत नाहीत गं नीट. अर्धी भाकरी परत येते." मी म्हटलं, खातील भूक लागली की. तू म्हणालास, "स्वल्प दिवस जाऊ देत. त्यांचा राग उतरला की मी जाऊन बसतो त्यांच्याजवळ. घोड्याचं विचारायचंय एकदा." मी विचारलं, काय विचारायचंय? तू म्हणालास, "तेच, मान कशानं ओली होती ते."

त्या आठवड्यात तू गेलास.

विद्युतदाहिनीजवळ अप्पांना खुर्ची दिली होती. ते बसले नाहीत. गुरुजींनी सांगितलं ते ते करत गेले. पाणी सोडा म्हटलं, सोडलं. फूल ठेवा म्हटलं, ठेवलं. बापानं मुलाला निरोप द्यायची ही रीत कुणी काढली असेल! मी मागून त्यांची कोपरं धरली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना असं धरलं होतं. हाडं नुसती. मला दया यायला हवी होती. मला आली नाही. मला फक्त एवढंच वाटत होतं की ज्यानं यांची कोपरं धरायला हवी होती तो समोर पडलाय.

माणूस गेला की काहीतरी कळतं, मोकळं होतं, असं काहीच नाही. लोक म्हणतात, वेळ जाऊ दे. वेळ जातोय. वहिनी तुझे शर्ट धुवायला टाकत नाही. इरा जेवत नाही, भात गालात धरून बसते आणि मग ताटात काढून ठेवते. मी रोज बँकेतून सुटले की इथं येते आणि इथं आल्यावर मला माझ्या घरी पळावंसं वाटतं. तुझ्याबद्दल मी कृतज्ञ असायला हवं, सायकलसाठी, बोट उंचवण्यासाठी, मांजराच्या वेळी मला पुढे घालण्यासाठीसुद्धा. आहेही. पण त्यानं काही होत नाही. कुणाला देऊ ते?

काल तेरावा झाला. संध्याकाळी सगळी पांगली. वहिनी आत आडवी झाली होती. मी वरण-भात कालवून इरापुढे ठेवला आणि शेजारी बसले. अप्पा त्यांच्या खोलीतून आले. तू गेल्यापासून ते पहिल्यांदाच टेबलाशी आले. इराच्या समोरच्या खुर्चीत बसले. टेबलावर हात ठेवले. आणि मग इतक्या हळू आवाजात बोलले की मला आधी वाटलं, ते स्वतःशीच बोलतायत.

"पुट्टी," ते म्हणाले. ते इराला म्हणाले. मला त्यांनी कधी या नावानं हाक मारली नव्हती. "तुझा पप्पा सांगायचा ती गोष्ट मला सांगशील?"

इरानं वर बघितलं.

"कुठली?"

"त्या मुलाची. घोड्याला भ्यायचा त्याची."

ती विचारात पडली. सात वर्षांच्या मुलीनं इतका विचार करू नये. मग तिनं मान हलवली. "नाही, अज्जा."

"का गं?"

"ती माझी आणि पप्पाची आहे. तुम्ही म्हणालात ती खोटी आहे."

 टेबलावरचे हात अप्पांनी हळूहळू मांडीवर घेतले. तोंड जरासं उघडं राहिलं होतं. इतकी वर्षं मी या घटकेची वाट बघत होते, अण्णा. कुणीतरी त्या माणसाला तोंडावर नाही म्हणावं आणि त्याला त्यावर काही सुचू नये. दोसा खाताना तुझ्यापुढे मी हेच तर मागत होते. ते झालं, माझ्या डोळ्यांदेखत, एका लहान मुलीच्या तोंडून. आणि मला बरं वाटलं नाही. जराही वाटलं नाही. मी आजूबाजूला बघायला लागले. आता तू आतून येशील, त्यांच्या मागे उभा राहशील, "असू दे पुट्टी, त्यांना दुसरं काय येत होतं?" असलं काहीतरी म्हणशील आणि आम्हा तिघांनाही यातून सोडवशील, असं मला खरोखर वाटलं.

कुणी आलं नाही. इरा चमच्यानं भात इकडून तिकडे करत होती. अप्पांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या वतीनं बोलायला म्हणून मी तोंड उघडलं, आणि त्यांच्या बाजूचं तुझं सगळं बोलणं ऐकलेलं असूनही, अण्णा, मला एक शब्द आला नाही.